कंदशेती, पेडणे व डिचोलीची
उत्तर गोव्यातील या तालुक्यांत परसात आणि उंचवट्याच्या मोरड जमिनीत काटेकणगां, करांदे (दोन्ही वेलींचे कंद), सुरण व रताळी लावण्याची जुनी रीत. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांनी आणला. मूळ कॅरिबियन भाषेत तो रताळ्याचा होता. खरा बटाटा मात्र इथल्या दमट उष्म्यात नीट पोसत नाही.

काटेकणगांसाठी पावसाळ्याच्या तोंडावर खड्डा खणून त्यात पालापाचोळा, शेण व राख भरतात, वर मातीचा उंचवटा करून बियाण्याचा कंद पुरतात. वेल काठीवर किंवा झाडावर चढवतात. पाने पिवळी पडली की खणणी. कुदळीचा घाव बसलेला कंद टिकत नाही, म्हणून शेवटची माती हातानेच उकरावी लागते. रानडुकरांचा उपद्रव मोठा.

रताळी वेलाच्या तुकड्यांपासून वरंब्यावर होतात. वेल अधूनमधून उचलून परतवतात, नाहीतर पेरापेराला मुळे धरून कंद बारीक राहतात. हे बारकावे पुस्तकांपेक्षा घरातल्या बायकांनाच अधिक ठाऊक. पुढच्या हंगामासाठी बियाण्याचे कंद सावलीत, कोरड्या जागी राखतात.