चुकीने आकारलेला विक्रीकर आणि खरेदीदाराचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भवानीनगरच्या बाजारपेठेत पक्क्या बिलावर किंमत व कर वेगवेगळे लिहिले जातात. कायद्याने देय नसलेला कर व्यापाऱ्याने ग्राहकाकडून घेऊन शासनाकडे भरला, तर तो पैसा कोणाचा? या प्रश्नाच्या इतिहासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. कायदेशीर आधाराशिवाय दुसऱ्याच्या पैशावर झालेला लाभ म्हणजे ‘अन्याय्य समृद्धी’; असा लाभ मूळ धन्यास परत करावा, हे या तत्त्वाचे सार होय.

न्यायनिर्णयांची वाटचाल

बनारसच्या एका पेढीने चांदीच्या वायदे व्यवहारांवर भरलेला विक्रीकर अवैध ठरला होता. १९५८ मध्ये कन्हैयालाल सराफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ चा आधार घेतला. चूक कायद्याविषयीची असली तरी चुकीने दिलेला पैसा परत केला पाहिजे, असा निर्णय झाला. येथे वाद व्यापारी आणि शासन या दोघांतच होता.

मुंबई प्रांताच्या १९४६ च्या विक्रीकर कायद्यात पुढे अनधिकृतपणे वसूल केलेली रक्कम जप्त करण्याची तरतूद आली. चौकशीची रीतसर पद्धत नसल्याने ती कांतिलाल बाबुलाल खटल्यात रद्द झाली. १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याने कलम ४६ अन्वये अशा वसुलीस मनाई केली व कलम ३७ अन्वये जप्तीची तरतूद केली. राज्याच्या विभाजनानंतर हा कायदा गुजरातमध्येही लागू राहिला. तेथील अजित मिल्स खटल्यात १९७७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने जप्ती वैध ठरविली. व्यापाऱ्यास तो पैसा ठेवता येणार नाही, हे त्यामुळे निश्चित झाले.

मफतलाल इंडस्ट्रीज खटल्यात (१९९६) नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने व्यापक नियम घालून दिला : कराचा बोजा आपण दुसऱ्यावर टाकला नाही, हे सिद्ध करणाऱ्यासच परतावा मिळेल. हा वाद अबकारी कराचा असला तरी तत्त्व अप्रत्यक्ष करांस सर्वसाधारणपणे लागू झाले. २००५ मध्ये गुजरातमधील एका सहकारी साखर कारखान्याचा परताव्याचा दावा याच तत्त्वावर फेटाळला गेला. सहकारी साखर कारखानदारीवर उभ्या असलेल्या इंदापूर-बारामती परिसरास हा निर्णय म्हणूनच दूरचा नाही.

समारोप

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. परंतु तत्त्व टिकून आहे. परतावा व्यापाऱ्यास देय नसेल, तर ती रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा करण्याची तरतूद आहे. तथापि, ज्याच्या खिशातून पैसा गेला तो ग्राहक या वादांत बहुधा पक्षकार नसतो. बोजा आपण सोसला, हे सिद्ध करणाऱ्यास मफतलाल निर्णयाने हक्क दिला. पण लहान रकमेसाठी न्यायालयात कोण जाणार? व्यापाऱ्याची अन्याय्य समृद्धी रोखली गेली, तरी खरेदीदाराची हानी भरून निघाली असे म्हणता येत नाही. करांच्या इतिहासाचा अभ्यास करताना ही उणीव दुर्लक्षून चालणार नाही.