चिलटांचा हिशोब

"पुरुषांना कामेच्छा जास्त, बायकांना कमी. उत्क्रांतीनंच ठरवलंय, वाद कसला?" लॅबमधल्या एका मित्रानं जेवताना निकाल दिला आणि पुन्हा डब्यात डोकं घातलं. मला राहवेना. हे ठरलं कधी, म्हणून शोधत गेलो तो थेट चिलटांपाशी पोचलो. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ना, तीच!

१९४८ साली इंग्लंडमध्ये अँगस बेटमननं बाटल्यांत सारख्याच संख्येनं नर-माद्या सोडल्या. डीएनए चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून प्रत्येकाला वेगळी जनुकीय खूण: कुणाचे पंख वळलेले, कुणाचे केस विरळ. पिल्लांवरच्या खुणा पाहून आईबाप ओळखायचे. निष्कर्ष असा, की जोडीदार वाढले की नराची संतती वाढते, मादीची फारशी नाही. १९७२ साली रॉबर्ट ट्रिव्हर्सनं त्याचा आधार घेऊन पालकांच्या गुंतवणुकीचा सिद्धांत मांडला आणि चिलटांची गोष्ट माणसांपर्यंत आली.

गंमत पुढेच आहे. बेटमनचे आलेख दोन होते. पहिल्यात माद्यांनाही फायदा दिसतो, पण पाठ्यपुस्तकांत बहुधा दुसराच छापला गेला. शिवाय दोन्ही खुणा मिळालेली पिल्लं बरीचशी वाढ पुरी व्हायच्या आत मरत आणि मोजणीतून गळत. पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रयोग पुन्हा करून हे दाखवलं. बेटमनच्या आकड्यांत तर बापांच्या नावावर आयांपेक्षा जास्त पिल्लं होती. अहो, प्रत्येक पिल्लाला एक आई, एक बाप. दोन्ही बेरजा सारख्याच यायला नकोत? आम्हा इंजिनियरांचा आत-बाहेरचा हिशोब असा चुकला तर रिपोर्ट तोंडावर परत येतो!

१९७०च्या दशकात सारा हर्डी माउंट अबूला वानरांमागे हिंडत होती. तिथल्या माद्या टोळीबाहेरच्या नरांकडेही जात, गाभण असतानासुद्धा. टोळी बळकावणारा नवा नर पिल्लं मारतो. बाप कोण हे नक्की नसेल तर पिल्लू वाचू शकतं, असा तिचा तर्क.

माणसांत फरक नाहीच, असं मी म्हणत नाही. पाहण्यांमध्ये पुरुषांची सरासरी जास्तच भरते. पण आपण मोजतो काय? फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात १९७८ आणि १९८२ साली अनोळखी व्यक्तीनं थेट शय्यासोबतीचं विचारलं, तेव्हा सुमारे ७० टक्के पुरुष तयार झाले, बाई एकही नाही. यात इच्छा किती आणि परक्या पुरुषाची भीती किती?

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर दोन मुलीही होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही.