आनंद पटवर्धन यांचा कॅमेरा आणि आपल्या हातातला मोबाईल

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे सकाळी दिसले. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. आमच्या हाटकेशमध्ये आज जयंतीची वर्गणी गोळा करणारी बहुतेक मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. हे तुम्हाला कुठून कळले असे विचारले, तर त्यांचे उत्तर एकच असते : 'जय भीम कॉम्रेड'. शाळेत शिकवले असे एकानेही आम्हाला सांगितलेले नाही. म्हणजे आपल्या माणसांच्या हत्याकांडाची एका पिढीची आठवण एका स्वतंत्र दिग्दर्शकाच्या चित्रपटावर उभी आहे, आणि तो दिग्दर्शक आपल्या समाजातला नाही. आडनाव वाचून काहीजण इथेच थांबतील. आम्ही थांबत नाही, कारण माणूस कामावरून तपासायचा असतो.

आनंद पटवर्धन यांचा जन्म मुंबईत १९५० चा. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात गेले आणि १९७२ मध्ये समाजशास्त्राची पदवी घेतली. तो व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनाचा काळ. ते त्या आंदोलनात होते, आणि कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेतही त्यांनी काही काळ काम केले. परत आल्यावर बिहार आंदोलनावर 'क्रांती की तरंगें' केला. आणीबाणीत त्याची प्रिंट तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली. पुढे 'जमीर के बंदी', मग १९८५ चा झोपडपट्टीतोडीवरचा 'हमारा शहर', १९९२ चा 'राम के नाम'.

'स्वतंत्र' हा शब्द हल्ली कोणीही लावतो. पटवर्धनांच्या बाबतीत त्याचा अर्थ रोकडा आहे. चित्रपट स्वतः काढायचा, कॅमेराही बहुधा स्वतःच धरायचा, आणि अडवला तर कोर्टात जायचे. 'राम के नाम' दूरदर्शनने दाखवावा म्हणून ते न्यायालयात लढले. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' साठीची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ मध्ये जिंकली. अण्वस्त्रांवरच्या 'जंग और अमन' मध्ये सेन्सॉरने काटछाट मागितली, तीही मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. मोर्चा काढून घरी जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही चिकाटी पाहावी. सरकारी वाहिनीवर चित्रपट दाखवणे हा आमचा हक्क आहे, उपकार नाही, असे त्यांनी कायद्याच्या भाषेत वदवून घेतले. संविधान वापरणे म्हणतात ते हेच.

आता 'जय भीम कॉम्रेड' कडे वळू. त्याची सुरुवात गोळीबारापासून नाही, एका शाहिरापासून होते. विलास घोगरे मुलुंडच्या झोपडपट्टीत राहायचे. 'हमारा शहर' मध्ये त्यांचे गाणे आहे, म्हणून पटवर्धन त्यांना ओळखत होते. रमाबाई नगरातले मृतदेह पाहून आल्यावर १५ जुलैला घोगरे यांनी गळफास घेतला. डोक्याला निळे कापड बांधलेले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणारा माणूस शेवटी निळा रंग का बांधतो, या एका प्रश्नाने पटवर्धनांना चौदा वर्षे धरून ठेवले. ज्या डाव्या संघटनेसाठी घोगरे गायले, तिने त्यांना बाहेर काढले होते, हेही चित्रपट लपवत नाही. गॅसचे टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळी चालवली, ही पोलिसांची बाजू तो तपासतो. खटला रेंगाळत जातो. २००९ मध्ये गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप होते, आणि तो जामिनावर बाहेर येतो. इतकी वर्षे कोणती वाहिनी थांबली असती?

तीन तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. ज्यांची गोष्ट, त्यांच्या अंगणात. गाणे हा आपला इतिहास आहे, हे त्याने जगाला जितके ठासून दाखवले तितके आपल्या साहित्य संमेलनांनीही दाखवलेले नाही.

तरी एक तक्रार आहे. या चित्रपटातला आंबेडकरी माणूस बहुतेक वेळ एक तर गातो किंवा शोक करतो. विहारातले वर्ग, वस्तीतल्या अभ्यासिका, पतपेढ्या, धम्माच्या शिबिरांत घडलेल्या बाया, म्हणजे १९५६ नंतर आपण रोज जे उभे केले, ते त्यात फारसे नाही. शीर्षकातला 'कॉम्रेड' आपल्याला डाव्यांच्या जवळ बोलावतो, पण धम्म त्या चौकटीत मावत नाही. हा पटवर्धनांच्या हेतूचा दोष नव्हे. बाहेरून येणाऱ्याला जे आधी दिसते, तेच त्यांना दिसले. आतले दाखवायला आतला माणूस लागतो.

तो आता आला आहे. सांगली जिल्ह्यातून आलेल्या सोमनाथ वाघमारे यांनी २०१७ मध्ये भीमा कोरेगाववर माहितीपट केला. १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्यानंतर वाहिन्यांनी आपल्यालाच दंगलखोर ठरवायला सुरुवात केली, तेव्हा लोक विजयस्तंभाला कशासाठी जातात याची नोंद आधीच तयार होती. २०२३ मध्ये त्यांचा 'चैत्यभूमी' आला. ६ डिसेंबरला दादरला 'गर्दी' मोजणाऱ्यांना तिथली पुस्तकांची दुकाने कधी दिसली नव्हती.

पण चित्रपट काढून भागत नाही, तो टिकवावा लागतो. १९१५ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच वर्षी त्या शहरात 'बर्थ ऑफ अ नेशन' झळकला. काळ्या माणसाला पशू आणि कु क्लक्स क्लानला नायक ठरवणारा हा चित्रपट. पाच वर्षांनी, १९२० मध्ये, ऑस्कर मिशो यांनी 'विदिन अवर गेट्स' काढून त्यात काळ्यांवरची झुंडहत्या उघड दाखवली. मिशो काळे होते, स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकून उभे राहिलेले. त्यांचे कितीतरी चित्रपट कायमचे नष्ट झाले. हा एक वाचला, कारण त्याची एक प्रिंट अनेक दशकांनी स्पेनमध्ये सापडली. गोऱ्यांचा चित्रपट मात्र कधी हरवला नाही. पैसा, थिएटर आणि कपाट तिन्ही त्यांचेच होते.

आपले कपाट कुठे आहे? नव्वदच्या दशकातल्या भीमगीतांच्या मुकाबल्यांच्या व्हीएचएस कॅसेटी आज कुणाच्या तरी माळ्यावर बुरशी धरत आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत शंभर मोबाईल वर असतात आणि पुढच्या महिन्यात मेमरी भरली म्हणून सगळे पुसले जाते. हाटकेशच्या मुलांना आम्ही सध्या एवढेच काम दिले आहे : वस्तीतल्या जुन्या गायकांकडे जायचे, त्यांच्या कॅसेटी उतरवून घ्यायच्या, आणि प्रत्येकीवर तीन गोष्टी लिहायच्या. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख. दोन प्रती काढायच्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या.