हेमंतातील भूक : ग्रंथ, तालीम आणि स्वयंपाकघर



दिवाळीची पहिली अंघोळ झाली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, थंडीत काय खावं?” विचारणाऱ्याच्या घरी डिंकाच्या लाडवांचा डबा बहुधा आधीच भरलेला असतो, माझी फक्त संमती हवी असते. आज त्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो आपल्या घरांत आला कुठून, ते पाहू. हिवाळ्याची जी शिस्त आपल्याला वारशाने मिळाली, तिच्यातले निम्मे आपण जपले आणि निम्मे वाटेत सांडले, असे मला वाटते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या आहे. तेथील हेमंताचा विचार असा : बाहेरच्या थंडीमुळे शरीरातील ऊब आत कोंडते, जठराग्नी प्रबळ होतो आणि जड अन्नही पचवतो. मात्र या अग्नीला पुरेसे इंधन मिळाले नाही, तर तो शरीरातील रसच जाळू लागतो. म्हणून या ऋतूत पोटभर व स्निग्ध खावे, अंगाला व डोक्याला तेल लावावे, ऊन घ्यावे, उबदार खोलीत जाड पांघरुणात निजावे. वारा आणि उपासमार टाळावी. खाण्याच्या यादीत पाणथळ भागातील प्राण्यांचे मांस, मद्य व मध आहे. तसेच दूधदुभते, उसाचे पदार्थ, तेल, नवा तांदूळ आणि गरम पाणी आहे.

पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात हाच विषय अधिक घरगुती केला. रात्री मोठ्या असल्यामुळे माणसाला सकाळीच भूक लागते, हे त्याचे निरीक्षण. आता आपल्या जुन्या घरांतला धुंधुरमास आठवा. सूर्य धनु राशीत असताना, उजाडता उजाडता मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी यांचे ताट वाढले जाई. वाग्भटाचे वाक्य आणि हे ताट शेजारी ठेवले, तर ग्रंथ आणि स्वयंपाकघर एकच गोष्ट बोलताना दिसतात.

आमच्या जैन घरांना ही सकाळची भूक विशेष ठाऊक आहे. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे हा नियम. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. तेरा तासांच्या उपवासानंतर सकाळी पोटात काय होते, ते आम्हाला ग्रंथातून शिकावे लागले नाही.

पण जैनांपुढे वेगळी अडचण होती. मद्य, मांस आणि मध यांचा त्याग हा आमच्या श्रावकाच्या मूलगुणांचा भाग. मग चरकाच्या यादीचे करायचे काय? नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, उग्रादित्याचार्य या जैन मुनींनी ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस व मध वर्ज्य करूनही पूर्ण चिकित्सा सांगता येते, हे त्यांनी त्यात दाखवले. राजसभेत मांसाच्या निरुपयोगितेवर त्यांनी केलेले विवेचनही ग्रंथाला जोडलेले आहे. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह 1940 मध्ये सोलापुरात छापला गेला, याचा आपल्या भागाला अभिमान वाटावा.

चरकाच्या यादीतून मद्य, मांस आणि मध खोडले, तरी काय उरते? दूध-तूप, ऊस-गूळ, तेल, नवा तांदूळ, गरम पाणी. त्यात तीळ, बाजरी आणि डिंक मिळवा. आपल्या हिवाळ्याचे ताट तयार झाले. दिवाळीचे अभ्यंगस्नान, भोगीची तीळ लावलेली भाकरी, संक्रांतीची गूळपोळी यांत ते आजही टिकून आहे. जैन असो वा नसो, सीमाभागातल्या बहुतेक मराठी घरांतून हेच निघेल. या ताटात नंतरचे पाहुणेही सामावले. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आज त्याच्यावाचून आपला तिळगूळही अडतो.

हे झाले जपलेले निम्मे. वाग्भटाने तेल आणि स्निग्ध अन्न यांच्या जोडीने कुस्ती सांगितली आहे, तीही जाणत्या मल्लांबरोबर. थंडीत आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंत व्यायाम करावा, असे प्रमाणही दिले आहे. आपल्या भागात गावोगावी तालमी होत्या. पहाटे तांबड्या मातीत घाम गाळलेल्या पोराला तूप पचत असे. आपण लाडू ठेवला आणि तालीम सोडली. माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांना मी दर हिवाळ्यात हेच सांगतो : ग्रंथाचा आधार द्यायचा तर दोन्ही पानांचा द्या.

दुसरी सांडलेली गोष्ट अधिक गंभीर आहे. माझ्या आजीने लहानपणी 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ पाहिली होती. ती तिला ‘मानमोडी’ म्हणायची. औषधांविषयी ती काही सांगत नसे. त्या वर्षी कणगीत जोंधळा नव्हता, एवढेच सांगे. 1918 चा पावसाळा खरोखरच फसला होता, धान्य महागले होते, आणि हेमंताच्या उंबरठ्यावर साथीची दुसरी, घातक लाट आली. मुंबईत 6 ऑक्टोबर या एका दिवसात 768 मृत्यू नोंदले गेले. त्या शहरात युरोपियनांमध्ये मृत्यूचे प्रमाण हजारी 8 च्या आसपास होते. ज्यांना खालच्या जातीचे म्हटले जाई त्यांच्यात ते हजारी 61 च्या वर गेले. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या घटली. त्यानंतर एकाही दशकात ती घटलेली नाही.

साथ विषाणूची होती, हे खरेच. परंतु दाटीची वस्ती, अपुरे अन्न आणि शुश्रूषेला माणूस नसणे यांनी तिचे काम सोपे केले. इंधन न मिळालेला अग्नी शरीरालाच खातो, हे चरकाचे वाक्य मी वाचतो तेव्हा मला आजीची रिकामी कणगी दिसते.

आता आजच्या हिवाळ्याविषयी थोडे. सकाळी पोटभर खा, रात्री लवकर जेवा, ऊन अंगावर घ्या, रोज चाला. वृद्धांनी पहाटेच्या गारठ्यात बाहेर पडण्याची घाई करू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. छातीत दुखले किंवा दम लागला, तर काढा, तेल आणि माझ्या गोळ्याही बाजूला ठेवून रुग्णालय गाठा.

आणि एक विनंती. याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. दूरदूरहून आलेली ऊसतोड कामगार कुटुंबे शेताकडेला पालांत राहतात आणि अंधारातच फडात उतरतात. आपल्या गूळपोळीतला ऊस त्यांच्या हातचा असतो. हेमंताची भूक त्यांनाही लागते, आणि त्यांची पोरे त्याच वाऱ्यात निजतात. लाडवांचा डबा भरताना एक घोंगडी आणि शेर-दोन शेर बाजरी त्यांच्यासाठी बाजूला काढली, तर ऋतुचर्येचे सांडलेले निम्मे थोडे तरी भरून निघेल.