अ‍ॅस्बेस्टॉस : १८९८ चा इशारा
अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज जळत नाही, शिवाय विणता येते; म्हणून ब्रिटनमधील गिरण्यांत त्याचे कापड बने. कारखाना-निरीक्षक ल्युसी डीन यांनी १८९८ च्या अहवालात तिथली धूळ अपायकारक ठरवली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे धारदार दिसले होते. १९२४ मध्ये रॉचडेलची कामगार नेली केरशॉ वारली. डॉ. कुक यांना तिच्या फुफ्फुसांत टोकदार खनिजकण आढळले. धूळ रोखण्याचे नियम मात्र १९३१ मध्ये झाले, संपूर्ण बंदी १९९९ मध्ये. असे का व्हावे? श्वासावाटे गेलेले तंतू फुफ्फुसांत वर्षानुवर्षे टिकतात आणि कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी उद्भवतो. रुग्णांची मोजदाद होईतो कामगारांची पुढची पिढी त्याच धुळीत श्वास घेत असते.