पाटीवर पाय ठेवणारी माणसं

 

आजची गोष्ट जपानची, पण ती सुरू होते आपल्या वसईत. तिथे संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं कॉलेज आहे. हे गोन्सालो सोळाव्या शतकात वसईत जन्मले. पुढे जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. 1593 मध्ये दुभाषा म्हणून ते पुन्हा जपानला गेले.

त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात होती. परदेशी मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचं सैन्य येईल, असा त्याला संशय होता. त्याने 26 जणांना मृत्युदंड दिला. भर थंडीत त्यांना क्योतोकडून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर टांगून भाल्यांनी मारलं. त्यात गोन्सालो होते आणि बारा ते चौदा वर्षांची तीन जपानी मुलंही होती. 1862 मध्ये रोमने या सगळ्यांना संत घोषित केलं.

हे बलिदान सैनिकाला लगेच समजतं. खरा प्रश्न पुढे आहे.

1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. प्रत्येक कुटुंबाची बौद्ध मंदिरात नोंद सक्तीची झाली. संशयितांसमोर येशू किंवा मरियेची प्रतिमा कोरलेली पाटी ठेवत. तिला म्हणत फुमि-ए. तिच्यावर पाय ठेवला तर सुटका, नाही ठेवला तर छळ. नागासाकी भागात ही तपासणी दरवर्षी होई. अनेकांनी पाय ठेवला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो. फौजेत कसम परेडला जवान आपापल्या धर्मग्रंथाला स्मरून शपथ घेतो. अशा कितीतरी परेड मी पाहिल्या. शपथ ती शपथ! पाय ठेवला म्हणजे मोर्चा सोडला, असं माझं गणित होतं.

पण पुढचं वाचलं आणि गणित चुकलं.

1644 मध्ये जपानमधला शेवटचा पाद्रीही मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं या लोकांना ना पाद्री होता, ना चर्च, ना छापील ग्रंथ. फौजेच्या भाषेत सांगायचं तर अधिकारी नाही, रसद नाही, वायरलेस नाही. तरी गावागावांत कामं वाटलेली होती. एक जण सणावारांचं पंचांग सांभाळी, एक जण बाळांना बाप्तिस्मा देई. लॅटिन-पोर्तुगीज शब्द मिसळलेल्या प्रार्थना आईबापांकडून मुलांकडे तोंडी जात. कान्नोन देवीच्या मूर्तीत ते मरियेला पाहत. आणि पाटीवर पाय ठेवून आल्यावर घरी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या चुकीला त्यांनी चतुराई म्हटलं नाही, चूकच म्हटलं.

17 मार्च 1865 रोजी नागासाकीत परदेशी लोकांसाठी बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली. एका बाईने फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. सात पिढ्यांनंतरचा तो रिपोर्ट होता: आम्ही ठाण्यावर हजर आहोत.

मग लपणं संपलं. 1867 मध्ये उराकामीच्या लोकांनी मंदिराच्या विधीविना आपले मृत पुरले आणि धरपकड सुरू झाली. सुमारे 3,400 जणांना दूरच्या प्रांतांत हद्दपार केलं. त्यातले सहाशेहून अधिक परतलेच नाहीत. पाटीवर पाय ठेवणाऱ्यांची ही नातवंडं, पतवंडं! 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले. परतलेल्यांनी गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली. फुमि-ए तिथेच व्हायची. त्याच जागी त्यांनी कॅथेड्रल उभारलं. 9 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब त्याच्याजवळच फुटला आणि ते कोसळलं. लोकांनी ते पुन्हा बांधलं.

म्हणून आज मी निकाल बदलतो. निशिझाकाच्या टेकडीवरच्या 26 जणांनी निष्ठेची किंमत एका दिवसात चुकवली. उराकामीच्या घरांनी ती रोज थोडी थोडी, लाज गिळून चुकवली. पहिल्यांशिवाय दुसऱ्यांना आठवायला काही उरलं नसतं, आणि दुसऱ्यांशिवाय पहिल्यांना आठवणारं कोणी उरलं नसतं.

आपला धर्म कोणताही असो, आपल्यापुढे आज कोणी पाटी ठेवत नाही. तरी आपण मुलांच्या हाती काय देतोय, ते आज रात्री जेवताना एकदा स्वतःला विचारून पाहा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.