बारीक अक्षरांतला द्रावक

नारायणगाव परिसरात द्राक्ष-टोमॅटोच्या फवारणीचे दिवस आले की शिवारात एक उग्र वास पसरतो. आपण त्याला औषधाचा वास म्हणतो. पुष्कळदा तो औषध विरघळवणाऱ्या झायलीनसारख्या द्रावकाचा असतो. बाटलीवर औषधाचे नाव ठळक, द्रावकाचे बारीक अक्षरांत. तरुणपणी तोंडाला फडकेही न बांधता फवारताना चक्कर येऊन मी बांधावर बसलो, तेव्हापासून ही बारीक अक्षरे वाचायची सवय लागली. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. शेती सांभाळून वाचत गेलो आणि याच द्रावकांचे कुळ मला किरणोत्साराच्या इतिहासात भेटले.

१९४७ साली बर्लिनमध्ये हार्टमुट कालमन यांनी दाखवले की किरण नॅप्थलीनवर, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळीच्या पदार्थावर पडले की प्रकाशाची सूक्ष्म चमक उठते आणि ती मोजता येते. १९५० च्या सुमारास हेच द्रवातही साधले. अशा द्रवाला सिंटिलेटर म्हणतात. त्यात चमकणारे द्रव्य लिटरमागे काही ग्रॅमच असते. बाकी सगळा द्रावक. किरणाची ऊर्जा द्रावकच झेलतो आणि विहिरीवरच्या रांगेत घागर पुढे सरकावी तशी ती चमकद्रव्यापर्यंत पोचवतो. बेंझीनचे षट्कोनी वलय असलेल्या द्रवांना हे छान जमते. पाण्याला किंवा अल्कोहोलला जमत नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? आंबेगावातून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी उत्खनन केले. तिथल्या शेतकरी वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० असा ठरला, त्यात कार्बन-१४ च्या मोजणीचा मोठा वाटा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या काळी कोळशाचा वायू करून मोजणी होई. पुढे जगभर द्रवपद्धत रुजली.

ताज्या लाकडातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला जेमतेम १४ अणू फुटतात, आणि त्यांचे किरण इतके दुबळे की काचही ओलांडत नाहीत. म्हणून नमुना द्रवातच हवा. त्यावर तोड निघाली ती अशी: कोळशापासून ॲसिटिलीन आणि त्यापासून बेंझीनच बनवायचे. बेंझीनच्या वजनात ९२ टक्के कार्बन. म्हणजे जुन्या चुलीतला कोळसा स्वतःच द्रावक होतो. पण बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. इथे ते टाळता येत नाही, म्हणून थोडके आणि बंदिस्त वापरायचे.

इतरत्र टोल्युइन आणि झायलीन आले. पाण्यातला ट्रिटियम मोजायला १९६० च्या दशकात टोल्युइनमध्ये साबणासारखे ट्रायटॉन एक्स-१०० मिसळू लागले. आपल्या पंपातले औषध पाण्यात घातल्यावर दुधाळ होते, तीच युक्ती. मात्र टोल्युइनची वाफ ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. न्यूट्रिनो पकडायला तर टनावारी द्रव लागतो. इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगाने स्यूडोक्युमीन घेतले. त्याची ही मर्यादा ४५ अंशांच्या आसपास. तो द्रावक खनिज तेलापासूनचा हवा होता, कारण कोट्यवधी वर्षांच्या तेलात कार्बन-१४ जवळजवळ उरलेला नसतो. इनामगावच्या कोळशात जे शोधायचे, तेच इथे नको होते.

पुढे चीनमधल्या दाया बे प्रयोगाने लिनियर अल्किल बेंझीन निवडले. त्याची मर्यादा १३० अंशांच्या आसपास, वासही सौम्य. जुनो प्रयोगात त्यावर आधारलेला २०,००० टन द्रव आहे. हे रसायन म्हणजे कपडे धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल; रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला ते बनते.

सर्वाधिक चमक देणारा द्रावकच उत्तम, असे मोजणाऱ्यांनी मानले नाही. आग, विषार, किंमत आणि बाटली हाताळणारा माणूस, हे सारे त्यांनी हिशेबात धरले. आपल्या शिवारातही पाण्यावर आधारलेली औषधे येऊ लागली आहेत. दुकानात बाटली घेताना ठळक नावाखालची बारीक अक्षरेही वाचावीत. फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जाते त्यात त्यांचाही वाटा असतो.